पेट्रोल कोठे अडले?

श्रोतेहो, जुनी मोटार बाळगणाऱ्यांना एक तक्रार हमखास परिचयाची असते. गाडी सकाळी तत्काळ सुरू होते, गावात नीट धावते. परंतु बोरघाटासारखा चढ लागला, की झटके घेत घेत थांबते. दहा मिनिटे उभी ठेवली, की काही घडलेच नाही अशा थाटात पुन्हा चालू लागते. मिस्त्री निदान करतो, "साहेब, कार्बोरेटर गेला." मग कार्बोरेटर खोलला जातो, धुतला जातो, प्रसंगी बदललाही जातो, आणि पुढच्या घाटात गाडी पुन्हा थांबते. असे दोनतीनदा झाले, की मालकाचा धीर सुटतो आणि वडिलांनी हौसेने घेतलेली गाडी भंगाराच्या भावाने जाते. दोष मात्र पुष्कळदा चार पैशांच्या वस्तूत असतो.

सरकारी कचेरीत आयुष्य घालवणाऱ्याला हा प्रकार नवा नाही. अर्जाचा निकाल लागला नाही, की लोक सही करणाऱ्या अधिकाऱ्याला दोष देतात. अर्ज त्याच्या टेबलापर्यंत पोचलेलाच नसतो! तो वाटेत कोठे थांबला, याचा माग काढावा लागतो. पेट्रोलचाही असाच माग काढला पाहिजे.

कुर्ल्याच्या कारखान्यात पूर्वी तयार होणारी प्रीमियर पद्मिनी उदाहरणादाखल घेऊ. मुंबईच्या टॅक्सींतून ती २०२३ च्या ऑक्टोबरात निवृत्त झाली. पण हौशी मालकांनी ती आजही जपली आहे. तिची पेट्रोलची टाकी मागे, इंजिन पुढे. इंजिनावरचा छोटा पंप आपल्या पडद्याच्या हालचालीने पेट्रोल नळीतून ओढतो आणि कार्बोरेटरच्या वाटीत ढकलतो. वाटीतला फ्लोट वर आला, की सुई पेट्रोलची वाट बंद करते. वाटीतून जेटच्या बारीक छिद्रावाटे निघालेले पेट्रोल हवेच्या झोतात मिसळते. वजनाने सुमारे १५ भाग हवेला १ भाग पेट्रोल. म्हणजे कार्बोरेटर हे या प्रवासातले शेवटचे ठाणे होय.

आता तपासाचा क्रम पाहू. गाडी अचानक, दिवा मालवावा तशी बंद पडली, तर ठिणगीचा संशय घ्यावा. झटके घेत दम तोडला, तर पेट्रोलचा. अशा वेळी प्रथम टाकीचे झाकण उघडावे. 'सुस्स' असा हवा आत शिरल्याचा आवाज आला आणि गाडी लगेच चालू झाली, तर झाकणाचे श्वासछिद्र बुजले आहे असे समजावे. पेट्रोल बाहेर जाते तितकी हवा आत आली नाही, तर पंपाने ओढायचे तरी कसे?

तेथे दोष नसेल, तर इंजिन बंद ठेवून, हवेची गाळणी काढून कार्बोरेटरच्या गळ्यात डोकवावे आणि ॲक्सिलरेटर हाताने दाबावा. पेट्रोलची बारीक धार दिसली, तर वाटीत पेट्रोल आहे. धार दिसली नाही, तर इंजिन थंड होऊ द्यावे, कॉइलची बारीक तार सोडवावी, कार्बोरेटरकडे येणारी नळी काढून बाटलीत धरावी आणि स्टार्टर फिरवावा. या वेळी जवळपास विडी-काडी मुळीच नको. ठोके देत जोमदार धार आली, तर पंप व नळी निर्दोष आहेत. आता खुशाल सुई आणि जेट तपासावे. धार क्षीण असेल, तर गाळणी किंवा पंपाचा पडदा पाहावा. धारेत बुडबुडे असतील, तर पंपाच्या अलीकडील रबरी नळीला चीर पडलेली असते. ही चीर फसवी असते. तेथे ओढ असल्यामुळे पेट्रोल बाहेर ठिबकत नाही, हवाच आत शिरते.

आणखी एक शक्यता उष्णतेची. तापलेल्या पंपात पेट्रोलची वाफ होते आणि पंप नुसतीच वाफ घुसळत राहतो. पंपावर ओले फडके ठेवून गाडी सुधारली, तर हाच रोग समजावा.

२०२५ साली आपल्याकडील पेट्रोलात इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत पोचले. जुन्या काळचे रबर त्याने लवकर खराब होते, टाकीतील जुना मळही सुटून गाळणीत अडकतो. यास्तव जुन्या गाडीच्या नळ्या आणि पंपाचा पडदा इथेनॉल सोसणारा घालून घेणे हिताचे.

एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे: एका वेळी एकच वस्तू बदलावी आणि गाडी चालवून पाहावी. चार वस्तू एकदम बदलल्या, तर गाडी कदाचित सुधारेल. पण दोष कोणाचा होता, हे कळणार नाही, आणि निरपराध कार्बोरेटरवरचा ठपका तसाच राहील. तेव्हा श्रोतेहो, शेवटच्या ठाण्यावर खटला भरण्यापूर्वी टाकीपासून एकदा वाट चालून पाहा. आपली जुनी सोबतीण त्यामुळे आणखी कित्येक वर्षे घाट चढेल.