बंबाच्या पोटांतील थर

जळगांव-धुळ्याकडे विहिरींचें पाणी पुष्कळ ठिकाणीं जड असतें. तें तापलें कीं त्यांतील चुन्याचा पांढरा थर न्हाणीघरांतील बंबाच्या आंतल्या नळीवर बसतो. हा थर उष्णता अडवितो. सरपण अधिक जळतें आणि पाणी मात्र कोमटच राहतें. यास्तव पूर्ण निवालेला बंब तोटीवाटें रिता करावा, त्यांत चिंचेचें पाणी भरून तासभर ठेवावें, म्हणजे अम्लानें थर सुटतो. तें पाणी ओतून देऊन, तोटींतून स्वच्छ पाणी येईपर्यंत बंब धुवावा. मात्र पुन्हां पाणी भरल्यावांचून विस्तव कधींहि घालूं नये. मीं एकदां घाईनें तसें केलें; तोटीची झाळ वितळली. तांबटानें ती जोडून दिली; पण आईच्या माहेराहून आलेला तो बंब पुढें सदैव ठिबकतच राहिला.