हेतू कोणत्या रकान्यात लिहायचा?

(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



संयोजकांनी मला विषय दिला ‘ऐतिहासिक कादंबरी आणि शाळा’. या विषयावर आपल्याकडे दोन भाषणं ठरलेली आहेत. कादंबऱ्यांनी मराठी मुलांना इतिहासाची गोडी लावली, हे एक. कादंबऱ्यांनी मराठी मुलांचा इतिहास बिघडवला, हे दुसरं. दोन्हींत तथ्य आहे. पण दोन्ही ऐकून घरी गेलेल्या शिक्षकाला उद्या वर्गात काय करायचं ते कळत नाही. म्हणून आज एकच कादंबरी घेतो, तिचा फक्त शेवट घेतो आणि नववीच्या वर्गात त्यातून काय निघू शकतं ते सांगतो.

कादंबरी रणजित देसाई यांची ‘स्वामी’, १९६२ सालची. तिचे नायक थोरले माधवराव सोळाव्या वर्षी पेशवे झाले आणि १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला क्षयानं गेले. वय अवघं सत्तावीस. त्यांच्या पत्नी रमाबाई तिथेच सती गेल्या. ही शेवटची पानं शिक्षकानं नीट वाचून दाखवली, की मागच्या बाकांवरची चुळबुळही थांबते. तास रंगला, असं म्हणून आपण पुस्तक मिटतो. माझं म्हणणं इतकंच आहे, की तास इथून सुरू व्हायला हवा.

फळ्यावर दोन रकाने आखा. एकावर लिहा ‘कागद’, दुसऱ्यावर ‘कल्पना’. तारीख, ठिकाण, आजार, सती जाणं हे सगळं मुलं पहिल्या रकान्यात घालतात. संवाद, नजरा, मनातले विचार दुसऱ्यात जातात. पाच मिनिटांचं काम. मग शिक्षकानं सहज विचारावं : रमाबाई प्रेमापोटी गेल्या, हे कुठं लिहायचं?

इथं वर्ग अडतो, आणि अडायलाच हवा. सती गेल्याची घटना कागदाला माहीत आहे. का गेल्या, ते कादंबरीकार सांगतो. पाठ्यपुस्तक घटना देतं, पण माणसाच्या हेतूपाशी येऊन गप्प बसतं. कादंबरी नेमकी तिथून बोलायला लागते. म्हणून वर्गात ती माहिती द्यायला आणू नये. माहितीसाठी दुसरी पुस्तकं आहेत. हेतूंबद्दल बोलता यावं, यासाठी ती आणावी.

आता हेतू तपासायचा कसा? पेशव्यांची वंशावळ फळ्यावर काढा आणि विचारा, या घराण्यात नवऱ्यामागे कोण कोण राहिलं? बाळाजी विश्वनाथ १७२० साली गेले. राधाबाई मागे राहिल्या, आणि १७३५ साली त्यांनी काशीयात्रा केली, तिचा मोठा बोलबाला झाला. बाजीराव १७४० साली गेले, काशीबाई राहिल्या. नानासाहेब १७६१ साली गेले. गोपिकाबाई राहिल्या आणि राजकारणातही वजन राखून होत्या. सदाशिवरावभाऊ पानिपतावरून परतलेच नाहीत. पार्वतीबाई त्यांच्या वाटेकडे डोळे लावून वीसहून अधिक वर्षं जगल्या. १७७३ साली नारायणरावांचा खून झाला तेव्हा गंगाबाई गरोदर होत्या, त्याही राहिल्या.

ही यादी पूर्ण होईपर्यंत मुलांच्या लक्षात आलेलं असतं, की रमाबाईंचं जाणं ही त्या घराची ठरलेली रीत नव्हती. मग ती त्यांची इच्छा? की आणखी काही? इथं दोन दाखले शेजारी ठेवावेत. १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव होळकर पडले, तेव्हा मल्हाररावांनी सुनेला सती जाण्यापासून परावृत्त केलं. ती सून म्हणजे अहिल्याबाई. आणि १७४९ साली शाहू महाराज गेल्यावर त्यांच्या राणी सकवारबाई सती गेल्या. त्यामागे दरबारी राजकारणाचं दडपण होतं, असं इतिहासकारांनी मांडलं आहे. एकीला सासऱ्यानं थांबवलं, दुसरीवर दडपण आलं. रमाबाईंच्या बाबतीत काय झालं असेल? कुणी थांबवायला होतं का? थांबवलं असतं तर पुढं काय वाढून ठेवलं होतं?

या प्रश्नावर वर्गाचे दोन तट पडतात. एखादा म्हणतो, तिनं ठरवलं, आपण कोण बोलणार? एखादी मुलगी विचारते, जन्मापासून एकच गोष्ट चांगली म्हणून ऐकवली, तर त्याला ठरवणं म्हणायचं का? मग गोष्ट पेशवाईत राहत नाही. घरातल्या विधवा आत्याला हळदीकुंकवाला का बोलावत नाहीत, इथपर्यंत येते. १८२९चा बेंटिंकचा सतीबंदीचा कायदा आणि सतीचं उदात्तीकरणही गुन्हा ठरवणारा १९८७चा कायदा आता सांगावा. आधी सांगितला असता तर मुलांनी परीक्षेपुरता लिहून घेतला असता.

दोन पथ्यं मात्र पाळावीत. कादंबरीतल्या चुका शोधण्याचा खेळ करू नये. देसायांनी साक्ष दिलेली नाही, कादंबरी लिहिली आहे. ज्या प्रसंगानं आपल्याला रडवलं, तो कसा रचला हे पाहण्यानं त्यांचा मान कमी होत नाही. हवं तर मुलांना तोच प्रसंग रमाबाईंच्या दासीच्या नजरेतून लिहायला सांगा. निवड म्हणजे काय ते त्यांना आपोआप कळेल. दुसरं पथ्य अवघड आहे : घंटा होताना शिक्षकानं निकाल देऊ नये. ‘तर मुलांनो, यातून आपण काय शिकलो’ हे वाक्य आलं, की तासभर झगडलेली मुलं वही काढतात.

मुख्याध्यापक म्हणतील, पोर्शन राहील, शिवाय कुणाच्या भावना दुखावल्या तर? पोर्शनचं उत्तर सोपं आहे : दोन पानं आणि दोन तासिका, वर्षातून एकदा. भावनांचं उत्तर असं, की रमाबाई थोर की अथोर हा प्रश्न आपण विचारतच नाही. आपण विचारतो, हे आपल्याला कशावरून कळलं? तो प्रश्न ज्याला विचारता येतो, त्याला उद्या सिनेमा, मोबाईलवर आलेला मजकूर आणि माझ्यासारख्याचं व्याख्यान, तिन्हींना तोंड देता येतं. इथं शिक्षक बरेच आहेत. जूनमध्ये शाळा उघडल्या, की सुरुवात माझ्यापासूनच करा : आज मी जे जे सांगितलं, त्यातलं काय कोणत्या रकान्यात जातं ते मुलांना ठरवू द्या.