गौरीच्या जेवणाचा बेत



मी सातवी शिकलेली. बोलेन ते स्वयंपाकाचेच. गौरी भाद्रपदात येतात. त्या वेळी आपल्या भोर-वेल्ह्याच्या मावळात भात शेतात उभा असतो आणि घरची कणगी तळाला गेलेली असते. त्यात मुंबईचे दीर-जाऊ मुलांसह सणाला यायचे! एके वर्षी मी उसनवार करून ताटे सजविली. कार्तिकात नवा भात आला, तो फेडण्यातच गेला. तेव्हापासून कणगीत डोकावूनच बेत ठरविते. आवाहनाला नाचणीची भाकरी व परसातली भाजी. पूजनाला पुरण, पण पानात पोळी एकच. पोटभरीला अळूचे फदफदे आणि भात. पहिल्या वर्षी जाऊबाई हिरमुसल्या. गेल्या सणाला मात्र हरभऱ्याची डाळ नि गूळ त्यांनीच आणला, पोळ्याही लाटल्या.