औषधकंपन्यांचे पडलेले शेअर घ्यावेत काय?

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आजचा विषय आम्ही निवडलेला नाही. गेल्या वर्षीच्या संमेलनात भोजनाच्या पंक्तीत तो आपण होऊन आमच्यापुढे आला. आमच्या शेजारी बसलेल्या एका तरुण ज्ञातिबंधूने मोबाईल पुढे केला आणि विचारले, "काका, ही औषधकंपनी अमेरिकेच्या एका पत्रामुळे तीस टक्क्यांनी उतरली आहे. आता घेऊन टाकू का?" पानात जिलबी वाढली जात होती. "जेवण झाल्यावर सांगतो," असे म्हणून आम्ही वेळ मारून नेली. पुढे वर्षभरात आणखी पाचसहा कुटुंबांतून हाच प्रश्न आला. तेव्हा चिटणिसांनी बोलावयास सांगताच त्या तुंबलेल्या उत्तराची फेड येथेच करावी असे ठरविले.

आम्ही शेअरबाजारातील दलाल नाही. एकतीस वर्षे बँकेच्या नोकरीत लोकांचे पैसे मोजले, एवढाच आमचा अधिकार. आणखी एक अधिकार आहे, तो सांगावयास संकोच वाटतो. पण तो लपविला तर बाकीच्या बोलण्यास अर्थ राहणार नाही. निवृत्तीच्या वेळी हाती आलेल्या रकमेतून आम्ही अशाच एका पत्राने कोसळलेल्या कंपनीचे शेअर घेतले होते. तिचे नाव येथे घेत नाही. निम्म्या भावात मिळतात, हेच आमचे सारे गणित! पुढे त्या निम्म्याचेही निम्मे झाले, आणि धाकट्या मुलीच्या शिक्षणाची फी भरावयाची वेळ आली तेव्हा ते शेअर त्याच भावात विकावे लागले. घरातून आम्हांस एकच वाक्य ऐकावे लागले : "भाजी स्वस्त झाली म्हणून घेतलीत, पण सडली आहे का ते उलटून पाहिले नाहीत." आजचे आमचे भाषण म्हणजे या वाक्याचा केवळ विस्तार आहे.

हे अमेरिकेचे पत्र म्हणजे काय, ते प्रथम पाहू. आपल्याकडील अनेक मोठ्या औषधकंपन्यांचा फार मोठा माल अमेरिकेस जातो. त्यामुळे तेथील अन्न व औषध प्रशासनाचे निरीक्षक येथे येऊन कारखाने तपासतात. तपासणी संपताना आक्षेप असतील तर ते '४८३ क्रमांकाच्या' फॉर्मवर लिहून कंपनीच्या हाती देतात. कंपनीने पंधरा कामाच्या दिवसांत उत्तर द्यावे अशी अपेक्षा असते. उत्तराने समाधान झाले नाही तर ताकीदपत्र येते. ते त्या प्रशासनाच्या संकेतस्थळावर कोणासही वाचता येते. प्रकरण याहून गंभीर असेल तर त्या कारखान्याचा माल अमेरिकेच्या बंदरावरच अडवून ठेवण्याचा हुकूम निघतो. शिवाय त्या कारखान्यातून निघणाऱ्या नव्या औषधांच्या परवानग्या अडकतात, आणि बाजार ज्यास भितो ते बहुधा हेच. केवळ फॉर्म मिळाल्याच्या बातमीने घाबरून जाण्याचे कारण नाही. चांगल्या चांगल्या कारखान्यांनाही तो मिळतो. पण फॉर्म, ताकीदपत्र आणि बंदी या तीन पायऱ्यांतील फरक न समजता भाव पाहणे म्हणजे पावती न वाचता पैसे देण्यासारखे आहे.

आता रॅनबॅक्सीची हकीकत थोडी विस्ताराने सांगतो, कारण या विषयातील तो सर्वांत मोठा धडा आहे. दिनेश ठाकूर हे त्या कंपनीतील एक अधिकारी. कागदोपत्री चाललेली लबाडी त्यांच्या ध्यानात आली आणि नोकरी सोडल्यावर २००५ साली त्यांनी ती अमेरिकी प्रशासनास कळविली. २००६ मध्ये हिमाचलातील पांवटा साहिब येथील कारखान्यास ताकीदपत्र आले. असे असूनही जून २००८ मध्ये दाइची सँक्यो या जपानी कंपनीने प्रवर्तक कुटुंबाचे शेअर ७३७ रुपये भावाने घेण्याचा करार केला. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात पांवटा साहिब आणि देवास येथे होणाऱ्या तीसहून अधिक औषधांना अमेरिकेचे दार बंद झाले. पुढे २०१३ च्या मे महिन्यात कंपनीने अमेरिकेत गुन्हा कबूल केला आणि दंड व तडजोड मिळून ५० कोटी डॉलर भरण्याचे मान्य केले. एवढ्यावरही गोष्ट थांबली नाही. सप्टेंबरात मोहालीच्या कारखान्यावर बंदी आली आणि जानेवारी २०१४ मध्ये पंजाबातीलच टौंसा येथील कारखान्यावर. तेथे चाचणीत नापास झालेला माल मनासारखा निकाल येईपर्यंत पुन्हा पुन्हा तपासला जात असल्याचे आढळले होते. अखेर २०१४ साली सन फार्माने रॅनबॅक्सी घेण्याचा करार केला. त्यात एका शेअरची किंमत धरली गेली ४५७ रुपये.

ज्या खरेदीदाराजवळ वकील, हिशेबतपासनीस आणि औषधशास्त्रज्ञ सारे होते, त्याची ही गत झाली. दाइचीने पुढे लवादाकडे धाव घेतली आणि २०१६ साली सिंगापूरच्या लवादाने विक्रेत्यांनी माहिती दडविली असे ठरवून अडीच हजार कोटींहून अधिक भरपाई देववली. आपणांपैकी ज्यांच्याजवळ पन्नास शेअर होते ते कोणत्या सिंगापुरास जाणार?

येथे कोणी म्हणेल, आणि आमच्या एका मेहुण्यांनी म्हटलेही, की मार्च २००९ मध्ये हाच शेअर दीडशेच्या खाली होता आणि २०१० च्या अखेरीस सहाशेंच्या आसपास पोहोचला. त्या वेळी घेणाऱ्याने चौपट केले की! खरे आहे. मात्र त्या मार्चात साऱ्या जगाचा बाजार तळाला होता आणि वर येताना तो सर्वांनाच घेऊन वर आला. ज्यांनी चौपट केले त्यांनी कारखान्याची पारख केली होती असे आम्हांस वाटत नाही. आमचे मेहुणे रागावले, पण त्यांनी कोणत्या दिवशी विकले ते अद्याप सांगितलेले नाही.

आपल्या महाराष्ट्रातलेच उदाहरण पाहावयाचे तर वोक्हार्टचे. २०१३ च्या आरंभी तिचा शेअर दोन हजारांच्या वर गेला होता. मे महिन्यात औरंगाबादजवळील, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरजवळील, वाळूजच्या कारखान्यावर बंदी आली आणि काही महिन्यांत भाव पाचशेंच्या खाली उतरला. नोव्हेंबरात चिकलठाण्याच्या कारखान्यावरही तीच पाळी आली. अमेरिकेतील सामान्य औषधांचा व्यवसाय बंद करण्याचे या कंपनीने २०२५ साली जाहीर केले. तिच्या नव्या प्रतिजैविकाच्या आशेवर मधल्या काळात भाव पुन्हा चढला होता. पण ते निराळे कारण झाले. ज्याने मे २०१३ मध्ये 'कारखाना लवकरच मोकळा होईल' म्हणून घेतले असतील, त्याचा तो हिशेब नव्हता.

याउलट दिवीज लॅबोरेटरीज. विशाखापट्टणजवळील तिच्या दुसऱ्या कारखान्यातून निम्म्याहून अधिक विक्री होत असे. मार्च २०१७ मध्ये त्यावर बंदी आली. भाव सहाशेंच्याही खाली गेला. पुढे कंपनीने सल्लागार आणले, दुरुस्ती केली आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात बंदी उठली. ऑक्टोबर २०२१ मध्ये तो शेअर पाच हजारांच्या वर होता. आता आक्षेप साधे असतील तर घ्यावे आणि नोंदींबद्दल असतील तर सोडावे, असा सोपा नियम आम्हांस आपणांस देता आला असता. पण तो खोटा ठरेल. दिवीजच्या ताकीदपत्रातही संगणकावरील नोंदींविषयी आणि तपासणीस अडथळा केल्याविषयी आक्षेप होतेच. फरक पडला तो पत्रानंतर. एकीचे दुखणे एका कारखान्यात राहिले आणि आठ महिन्यांत बरे झाले. दुसरीचे पांवटा साहिबहून देवासला, तेथून मोहालीस आणि टौंशास गेले. एका भिंतीस ओल आली तर गवंडी बोलवावा. चारी भिंतींस आली तर पाया पाहावा.

म्हणजे पाया पाहावयाचा तर थांबावे लागणार, आणि थांबण्यात आपले फारसे काही जात नाही, हे आमचे आजचे मुख्य म्हणणे आहे. दिवीजवरील बंदी उठली त्या वेळी भाव हजाराच्या आसपास होता. ज्याने तोपर्यंत एक रुपयाही घातला नाही, त्याने तळातील लाभ गमावला हे खरे. पण त्यानंतर घेतलेल्यांचेही चार वर्षांत सुमारे पाचपट झाले. टौंशाच्या बातमीपर्यंत थांबलेल्याने मात्र काहीच गमावले नाही. कारखान्याची पुढची तपासणी, कंपनीचे दुसरे कारखाने आणि त्या एका कारखान्यावर किती विक्री अवलंबून आहे, एवढे कळेपर्यंत पैसा बँकेत असू द्यावा. तेथे तो कुजत नाही.

दुसरी गोष्ट काळाची. सन फार्माचा शेअर एप्रिल २०१५ मध्ये बाराशेंच्या आसपास होता. त्या डिसेंबरात गुजरातमधील हालोलच्या कारखान्यास ताकीदपत्र आले आणि पुष्कळांनी सात-आठशेंच्या घरात 'स्वस्त' म्हणून खरेदी केली. २०१८ साली हालोल मोकळे झाले, तरी मार्च २०२० मध्ये भाव साडेतीनशेच्या घरात होता. डिसेंबर २०२२ मध्ये हालोलवर पुन्हा बंदी आली. आणि गंमत अशी की, पुढच्याच वर्षी शेअरने जुने बाराशे ओलांडले, कारण तोवर कंपनीने निराळी, अधिक किमतीची औषधे उभी केली होती. आठ वर्षे! ज्याची मुलगी २०१७ मध्ये इंजिनिअरिंगला जाणार होती त्याने ही आठ वर्षे कोठून आणावयाची? कंपनी भली होती, अंदाजही शेवटी बरोबर आला, तरी त्या घरी तोटाच झाला असता. हे आम्ही कोणत्या अनुभवाने बोलतो ते आपणांस ठाऊक आहे.

आणखी एक नाजूक गोष्ट. आपल्या ज्ञातीतील पुष्कळ मुलेमुली वाळूज, तारापूर, कुरकुंभ येथील औषधकारखान्यांत कामास आहेत, व याचा आपणां सर्वांस अभिमान आहे. परंतु लग्नमुंजीत भेटल्यावर "काय रे, तुमच्याकडे निरीक्षक येऊन गेले म्हणे, कसे झाले?" असे विचारणारे काकामामाही आपल्यातच आहेत. कृपा करून विचारू नका. शेअरबाजारात नोंदलेल्या कंपनीविषयीची, जाहीर न झालेली व भावावर परिणाम करील अशी बातमी सांगणे आणि तिच्यावर खरेदीविक्री करणे, या दोन्ही गोष्टी सेबीच्या २०१५ च्या नियमांनी निषिद्ध आहेत. काकांचे दोन पैसे वाचतील, पण भाच्याची नोकरी जाईल आणि चौकशी दोघांच्याही दारी येईल. त्या मुलांपैकी कोणास खरोखरच नोंदींत खाडाखोड होताना दिसली, तर ती सांगावयाची जागा औषध प्रशासन आहे. ठाकूरांनी तेथेच सांगितली. त्याच कारखान्यांच्या गोळ्या रात्री जेवणानंतर आपण घेत असतो.

राहता राहिला तो पंक्तीतील प्रश्न. त्या तरुण बंधूस आम्ही हात धुताना तीन गोष्टी विचारल्या : ताकीदपत्र तू स्वतः वाचलेस काय, हे पैसे आठ वर्षे लागणार नाहीत असे आहेत काय, आणि त्या कंपनीच्या दुसऱ्या कारखान्याची तपासणी शेवटची केव्हा झाली. पहिल्याचे उत्तर 'नाही' आले, दुसऱ्याचे 'घराच्या हप्त्यासाठी ठेवलेले आहेत' असे आले, आणि तिसऱ्यास त्यांनी मोबाईल खिशात घातला. ते आज याच सभागृहात चौथ्या रांगेत बसले आहेत. पुढे त्यांनी घेतले की नाही, ते आज भोजनाच्या वेळी त्यांनाच विचारावे.