ग्रहणाची वेळ, पृथ्वीचा आकार

७ सप्टेंबर २०२५ च्या रात्री अकराच्या सुमारास चंद्र पृथ्वीच्या सावलीत पूर्ण बुडाला. बेंगळुरूचे राजाजीनगर असो की पुणे, वेळ एकच, आणि ती आधीच गणिताने ठरलेली! चंद्रावर सरकणारी सावलीची कड प्रत्येक ग्रहणात गोलच असते, कारण पृथ्वी गोल आहे.

मग जमीन सपाट का दिसते? भास्कराचार्यांनी ११५० मध्ये ‘सिद्धान्तशिरोमणी’त सांगितले, की परिघाचा शंभरावा भाग सपाटच भासतो, माणूस तर पृथ्वीपुढे किती लहान! ग्रहणाची वेळ ठरवणाऱ्या गणिताचे म्हणाल, तर पुढे कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५२० च्या सुमारास ‘ग्रहलाघव’ रचून ग्रहगणित सोपे केले. पंचांगकर्त्यांनी ते पिढ्यान्‌पिढ्या वापरले.

पुढचे चंद्रग्रहण मुलांना जरूर दाखवा. ती गोल कड त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहू द्या.