नाटक आपल्या गल्लीचं



सोलापुरात नाटक म्हटलं की हुतात्मा स्मृती मंदिर आठवतं. मुंबई-पुण्याचं नाटक येतं, आपण तिकीट काढून बघतो. बघावंच. पण आज बोलायचंय ते वस्तीतल्या माणसांनी स्वतः रचलेल्या नाटकाविषयी.

हे काही नवं खूळ नव्हे. आपल्या बार्शीच्या अमर शेखांनी अण्णाभाऊ साठे आणि गव्हाणकर या शाहिरांबरोबर १९४४ साली लाल बावटा कलापथक काढलं आणि कामगारांचं जगणं कामगारांपुढेच उभं केलं. अलीकडचं उदाहरण ठाण्याचं. रत्नाकर मतकरींनी २०१४ मध्ये समता विचार प्रसारक संस्थेबरोबर 'वंचितांचा रंगमंच' सुरू केला. वस्त्यांमधल्या मुलांनी स्वतःच विषय निवडून नाटिका बसवल्या. जन्मभर नाटकं लिहिलेल्या माणसानं पोरांचं ऐकत बसावं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आपल्याकडे विषयांना काय तोटा! विडी कामगार बाईचा दिवस घ्या. तेंदूची पानं भिजवायची, फर्मा ठेवून कात्रीनं कापायची, मांडीवरच्या सुपात तंबाखू घेऊन वळत बसायचं, दोरा गुंडाळायचा. आणि माल द्यायला गेलं की तपासणारा त्यातल्या विड्या खराब म्हणून बाजूला काढणार. त्या वेळी ती काय बोलते, ओठावर आलेलं काय गिळते, हे लेखकाला घरी बसून सुचायचं नाही. तिलाच उभं करा. तपासणाऱ्याचं काम शेजारणीला द्या. अशी नक्कल करील की मुरलेले नटही बघत राहतील!

एक मात्र सांभाळा. शहराच्या पूर्व भागातली आजी मराठीत सुरुवात करते आणि राग आला की तेलुगूत शिरते. कुठं कन्नड येईल, कुठं दखनी. येऊ द्या. भाषा सुधारत बसलात, तर दुसऱ्या दिवशी तालमीला कुणी फिरकणार नाही. आणि तालीम रात्री, जेवणं उरकल्यावर. मजुरी बुडवून नाटक कुणाला परवडतं?

गणेश मंडळांच्या कार्यकर्त्यांनो, यंदा डीजेच्या पैशातले थोडे बाजूला काढा. दोन दिवे, एक सतरंजी आणि वस्तीतल्याच माणसांचं अर्ध्या तासाचं नाटक, एवढं पुरे. पहिला प्रयोग थिएटरात नको, गल्लीतच करा.