सैनिकाचे अपंगत्व आणि पुराव्याचा भार
(वाराणसी येथे कार्यकर्त्यांपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)

काशी म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर घाट उभे राहतात. परंतु याच शहराच्या छावणीत ३९ गोरखा प्रशिक्षण केंद्र आहे. तिसऱ्या व नवव्या गोरखा रायफल्सचे जवान तेथे घडविले जातात. येथून जवळच, प्रयागराज येथे, संरक्षण खात्याचे निवृत्तिवेतनविषयक लेखा कार्यालय आहे. साताऱ्याच्या वा कोल्हापूरच्या खेड्यातून लष्करात गेलेल्या जवानाच्या पेन्शनचा आदेशही तेथूनच निघतो. म्हणून अपंग सैनिकांच्या हक्काचा प्रश्न केवळ उत्तर प्रदेशाचा नाही. तो महाराष्ट्राचाही आहे.

नियम काय सांगतो?

लष्कराच्या १९६१ च्या निवृत्तिवेतन विनियमांनुसार, अपंगत्व लष्करी सेवेमुळे उद्भवलेले वा सेवेमुळे वाढलेले असले आणि त्याचे प्रमाण किमान २० टक्के असले, तर अपंगत्व पेन्शन मिळते. १९८२ च्या पात्रता नियमांनी पुढचे पाऊल टाकले. दावेदाराला आपली पात्रता सिद्ध करावयास सांगू नये आणि शंकेचा फायदा त्यालाच द्यावा, असे त्यांत स्पष्ट नमूद होते. यामागील न्याय सरळ आहे. भरतीच्या दिवशी सरकारचेच डॉक्टर जवानाला तपासतात आणि त्याला निरोगी ठरवून घेतात. त्या वेळी ज्या आजाराची नोंद नव्हती, तो आजार सेवेत उद्भवला असेच सामान्यतः मानले पाहिजे. तसे मानावयाचे नसेल, तर कारण देण्याची जबाबदारी वैद्यकीय मंडळाची आहे.

प्रत्यक्षात मात्र हे सारे उलटे होते. “सेवेशी संबंध नाही” हा एका ओळीचा शेरा पडतो. त्या ओळीपुढे जवानाच्या नोकरीची सारी वर्षे निरर्थक ठरतात.

न्यायालयांची साक्ष

धर्मवीर सिंग यांचे प्रकरण या दृष्टीने बोलके आहे. सिग्नल्स दलातील या शिपायाची भरती १९८५ साली झाली. १९९४ साली २० टक्के अपंगत्व ठरवून त्यांना सेवेतून काढण्यात आले, आणि पेन्शन नाकारण्यात आली. उच्च न्यायालयात ते एका न्यायाधीशापुढे जिंकले, खंडपीठापुढे हरले. अखेर २ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की पुराव्याचा भार सैनिकावर टाकता येणार नाही आणि कारणे न देता मंडळाने व्यक्त केलेले मत पुरेसे नाही. सेवेतून बाहेर पडल्यापासून या निर्णयापर्यंत १९ वर्षे गेली.

२०१४ साली सुखविंदर सिंग प्रकरणात त्याच न्यायालयाने म्हटले की आजारपणामुळे ज्याला सेवेतून काढले, त्याचे अपंगत्व २० टक्क्यांहून अधिक होते असेच धरावे लागेल. नोकरीला अयोग्य, पण पेन्शनपुरता मात्र सुदृढ, हा सरकारी युक्तिवाद तेथे टिकला नाही. त्याच वर्षी राम अवतार प्रकरणात आणि २०१५ साली राजबीर सिंग प्रकरणात सरकारची अनेक अपिले एकत्रितपणे फेटाळली गेली.

येथे विचारण्यासारखा प्रश्न आहे. तत्त्व एकदा ठरल्यावर तोच वाद प्रत्येक जवानाशी पुन्हा का घालावा? उत्तर कडवट आहे. जो लढत नाही, त्याचा पैसा तिजोरीत राहतो. तरसेम सिंग १९८३ साली अपंगत्वामुळे बाहेर पडले व १९९९ साली उच्च न्यायालयात गेले. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांची थकबाकी याचिकेपूर्वीच्या तीन वर्षांपुरतीच मर्यादित केली. अज्ञानात गेलेल्या वर्षांची किंमत अशी सैनिकच मोजतो.

अपिलाची शिडी

दावा नाकारला गेल्यावर पहिले अपील, मग दुसरे अपील, आणि ही दोन्ही खात्यापुढेच. त्यानंतर २००७ च्या कायद्याने स्थापन झालेले व २००९ पासून काम करणारे सशस्त्र सेना न्यायाधिकरण. वाराणसीच्या माजी सैनिकाने लखनौ गाठावयाचे, महाराष्ट्रातील सैनिकाने मुंबई. नेपाळच्या डोंगरात परतलेल्या गोरखा सैनिकाने काय करावे? २०१५ सालच्या एका निर्णयाने न्यायाधिकरणानंतर उच्च न्यायालयात जाण्याची वाट जवळजवळ बंद झाली होती. मार्च २०२३ मध्ये परशोत्तम दास प्रकरणात ती पुन्हा खुली झाली. परंतु त्याच वाटेने आता सरकारही न्यायाधिकरणाचे आदेश उलटविण्यासाठी जात आहे. एका बाजूला सरकारी वकिलांची फौज, दुसऱ्या बाजूला दोन एकरांचा शेतकरी: या लढतीला समान म्हणता येत नाही.

खोटे दावे होत असतील तर त्यांची जरूर चौकशी व्हावी. पण त्यांचे निमित्त करून खऱ्या अपंगाचा हक्क आक्रसू देता येणार नाही.

नवे संकट

२०२२ च्या अग्निपथ योजनेने प्रश्न अधिक गंभीर केला आहे. चार वर्षांनी बाहेर पडणाऱ्या अग्निवीराला पेन्शन नाही. सेवेमुळे अपंगत्व आले तर १००, ७५ व ५० टक्क्यांच्या श्रेणीनुसार ४४, २५ वा १५ लाख रुपये एकरकमी मिळतात. ही रक्कम एकदाच मिळते, अपंगत्व मात्र जन्मभर राहते. आणि “सेवेमुळे की नाही” हा जुना वाद त्याच्याही वाट्याला आहेच.

आपले काम

साथींनो, हे सैनिक शेतकऱ्यांची व कामगारांची मुले आहेत. त्यांच्या नावाने घोषणा देणे सोपे आहे. त्यांचा अर्ज नीट भरून देणे अधिक मोलाचे आहे. प्रत्येक शाखेने आपल्या भागातील अपंग माजी सैनिकांची व विधवांची यादी करावी. वैद्यकीय मंडळाच्या अहवालाची प्रत, भरतीच्या वेळची नोंद आणि नकाराचे पत्र, ही तीन कागदपत्रे प्रथम मिळवावीत. अपिलाची मुदत चुकू देऊ नये. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात एकट्याला नव्हे, दहा जणांना घेऊन जावे.

त्याचबरोबर मागणी एकच असावी: सर्वोच्च न्यायालयाने ठरविलेले तत्त्व सरकारने पहिल्याच टेबलावर लागू करावे. त्या तत्त्वाने शंकेचा फायदा सैनिकाला दिला आहे. तो मिळविण्यासाठी त्याला १९ वर्षे न्यायालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागू नयेत.